जळणातील खडे : मुंबईच्या उपनगरांतील टाकाऊ लाकूड आणि त्याची निवड

धान्यातील खडे काढण्याची विद्या आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहे. चाळणे, पाखडणे, घोळणे, रोवळणे आणि वेचणे ही पाच क्रियापदे ज्या भाषेत रोजच्या वापरात आहेत, त्या भाषेच्या वाचकाला घन पदार्थांच्या पृथक्करणाची मूलतत्त्वे निराळी शिकवावी लागत नाहीत. जळणातील खडे मात्र आपल्याकडे कोणी कधी निवडले नाहीत. तशी गरजच नव्हती. लाकूड ओंडक्याच्या वा फाट्याच्या रूपाने येत असे आणि त्याला चिकटलेली माती राखेत मिळून जात असे. जळण जेव्हा ओंडक्याऐवजी मोडतोडीच्या ढिगातून येऊ लागते आणि हाताऐवजी यंत्र ते भट्टीत लोटू लागते, तेव्हाच हा प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या उपनगरांत आज तो उभा राहिला आहे. त्याचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

उपनगरांतील टाकाऊ लाकूड मुख्यत्वे चार वाटांनी येते. पहिली वाट जुन्या इमारतींच्या पाडकामाची. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे जुन्या सोसायट्या पाडून त्या जागी उंच इमारती उभारण्याचे काम सतत चालू असते. त्यातून दारे, चौकटी, खिडक्या, माळ्यांच्या फळ्या निघतात, आणि नव्या बांधकामावरून सेंट्रिंगच्या झिजलेल्या फळ्या व प्लायवुड बाहेर पडते. दुसरी वाट फर्निचरच्या कारखान्यांची. जोगेश्वरी-ओशिवरा भागातील फर्निचर बाजार आणि साकीनाका परिसरातील लहान कारखाने यांतून भुसा, रंध्याची सालपटे, प्लायवुडचे व सनमायकाचे तुकडे निघतात. तिसरी वाट मालाच्या खोक्यांची व पॅलेटांची. अंधेरीतील सहारच्या विमानतळावर मालवाहतुकीचे केंद्र असल्यामुळे त्या भागात हा पुरवठा विशेष आहे. चौथी वाट झाडांची. पावसाळ्यापूर्वी महापालिका रस्त्यांवरील झाडांची छाटणी करते आणि पावसाळ्यात वाऱ्याने गुलमोहर, पर्जन्यवृक्ष व सोनमोहर यांच्या फांद्या कोसळतात. या चारही प्रकारांच्या मालात दगड सापडतो, परंतु प्रत्येकातील दगड निराळा असतो व त्याचे कारणही निराळे असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

या लाकडाचे एक मोठे गिऱ्हाईक शहरातील पावाच्या बेकऱ्या हे होते. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत मुंबईतील निम्म्याच्या जवळपास बेकऱ्या लाकडावर चालतात, आणि त्यांतील पुष्कळशा अखंड ओंडक्यांपेक्षा स्वस्त पडणारे भंगारातील लाकूड वापरतात, असे दिसून आले. हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेऊन चालविलेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा यांवरील भट्ट्या वायू वा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. शासकीय यंत्रणांनी यासाठी एक वर्षाची मुदत ठेवली होती. न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली, आणि जुलै २०२५ मध्ये ती संपली. या आदेशाच्या इष्टानिष्टतेची चर्चा येथे कर्तव्य नाही. आपल्या दृष्टीने प्रश्न इतकाच की बेकऱ्यांनी लाकूड सोडले तरी उपनगरांत लाकूड निघावयाचे थांबत नाही. मग ते कोठे जाणार? कचऱ्याच्या डेपोत ते कुजून मिथेन होते किंवा तेथेच पेटते. राहिलेला मार्ग म्हणजे त्याच्या ढलप्या वा ब्रिकेट करून, धूर अडविण्याची सोय असलेल्या मोठ्या बॉयलरांत ते जाळणे. शेतकचऱ्याच्या ब्रिकेटांचा वापर शहराला अगदीच अपरिचित नाही. लाकडाऐवजी त्या वापरण्याचे महापालिकेने २०२३ मध्ये काही स्मशानभूमींपुरते ठरविले होते.

परंतु बेकरीची भट्टी आणि बॉयलर यांत एक मोठा फरक आहे. बेकरीतील कामगार लाकडाचा तुकडा हाताने उचलून भट्टीत टाकीत असे. त्यातील खिळा राखेत सापडे, दगड असलाच तर तो बाजूला पडून राही. भट्टीला दगड चालतो, पण यंत्राला चालत नाही. ढलप्या पाडणाऱ्या यंत्राचे पाते, हातोड्यांची गिरणी, मळसूत्री वाहक, ब्रिकेटचा साचा, बॉयलरची हलती जाळी, या सर्वांची रचना मऊ पदार्थ गृहीत धरून केलेली असते. मळसूत्राच्या दांड्यात व कवचात अडकलेला लिंबाएवढा खडा अख्खा कारखाना बंद पाडू शकतो.

दगडाचे प्रमाण डोळ्यांना नेहमी कमी वाटते. डोळा आकारमान पाहतो, तराजू वजन पाहतो. कोरड्या ढलप्यांच्या एक घनमीटर ढिगाचे वजन सुमारे २५० किलो भरते, कारण ढिगात हवाच अधिक असते. या ढिगात शेकडा एक भाग आकारमानाचा, म्हणजे १० लिटर, दगड मिसळला असे समजा. मुंबईचा काळा दगड म्हणजे दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्याची बनलेली आहे तोच. त्याची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट आहे. म्हणजे १० लिटर दगड २९ किलो भरेल आणि एकूण मालाच्या वजनात त्याचा वाटा शेकडा १० च्या आसपास जाईल. शंभरात एक दिसणारा दगड गिऱ्हाइकाला दहांत एक या दराने विकत घ्यावा लागतो. भंगाराच्या व्यापारात दगड काढण्याची घाई विकणाऱ्याला का नसते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

दगड उष्णता ‘खातो’ असे पुष्कळदा बोलले जाते. ते फारसे खरे नाही. एक किलो दगड ८०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १६० किलोकॅलरी लागतात, तर एक किलो बऱ्यापैकी वाळलेले लाकूड ३६०० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता देते. शेकडा ५ दगड असला तरी या मार्गाने होणारा तोटा नगण्य होय. खरी हानी मोठ्या दगडापेक्षा बारीक वाळूने होते, आणि ती रासायनिक आहे. शुद्ध वाळू १७०० अंशांपर्यंत वितळत नाही. परंतु लाकडाच्या राखेत पोटॅश असते, आणि पोटॅश व वाळू यांचे मिश्रण ७५० अंशांच्या सुमारासच पाझरू लागते. काच करणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करतात. भट्टीच्या जाळीवर मात्र त्यातून वीटभट्टीतील खंगरासारखे कठीण, काचमय गोळे तयार होतात. ते हवेची छिद्रे बुजवितात. हवा अडली की ज्वलन अपुरे होते, धूर वाढतो आणि जाळी एका जागी अधिक तापून वाकते. स्वच्छ लाकडात राख शेकडा अर्धा ते एक भाग असते. सालीत ती कित्येक पट अधिक असते. घरगुती शेगड्यांसाठी बनणाऱ्या उत्तम प्रतीच्या गोळीव इंधनात राख शेकडा ०.७ हून अधिक असू नये, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. रोज १० टन ढलप्या जाळणाऱ्या बॉयलरात केवळ शेकडा २ वाळू शिरली तरी दिवसाला २०० किलो वाळू जाळीवर येते, आणि तिचा काही भाग धुराबरोबर उडून नळ्यांवर घासला जातो.

आता निवडीच्या उपायांकडे वळू. प्रथम पाखडण्याचा विचार करू, कारण वाऱ्याने हलके उडते व जड खाली पडते हे तत्त्व सर्वांस ठाऊक आहे, आणि बहुतेक फसगतही येथेच होते. एखादा तुकडा खालून येणाऱ्या हवेच्या झोतात तरंगण्यासाठी झोताचा जो वेग लागतो, त्यास त्या तुकड्याचा अंतिम वेग म्हणतात. हा वेग घनतेवर अवलंबून असतो हे खरे, परंतु तितकाच तो आकारावरही अवलंबून असतो. हवेच्या रोधाच्या सूत्राने हिशेब केला असता पाच मिलिमीटर जाडीच्या चपट्या ढलपीचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर येतो. तीन सेंटिमीटर बाजूच्या लाकडी ठोकळ्याचा तो सुमारे १७ मीटर येतो, आणि तीन सेंटिमीटरच्या गोल बेसाल्ट खड्याचा ४५ मीटर. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु दोन मिलिमीटरच्या वाळूच्या कणाचा अंतिम वेग सुमारे ११ मीटरच भरतो. म्हणजे १२ मीटर वेगाच्या झोतात वाळू चपट्या ढलपीबरोबर वर उडेल आणि लाकडी ठोकळा दगडाबरोबर खाली पडेल! झोत कितीही कमीजास्त केला तरी ही गुंतागुंत सुटत नाही.

सुटते ती चाळणीने. आधी चाळायचे, मग पाखडायचे हा आपल्या घरांतील क्रम निव्वळ सवयीचा नाही. चाळणीने माल सारख्या आकाराच्या थरांत विभागला की प्रत्येक थरात वारा केवळ घनतेचा भेद पाहतो. व्यवहारात पहिली चाळण पाचसहा मिलिमीटर भोकांची ठेवतात. तीमधून वाळू, माती, प्लास्टरचा चुरा गळून जातो. त्याबरोबर थोडा भुसाही जातो, पण तो जाऊ देणेच श्रेयस्कर, कारण मालातील राखेचा मोठा भाग या बारीक अंशात असतो. भुशाच्या लोभाने तो परत मिसळला तर सारे श्रम वाया जातात. यासाठी फिरती दंडगोल चाळण बरी पडते. तीत माल उलटापालटा होऊन फळीला चिकटलेली माती झडते, आणि लांब तुकडे सपाट चाळणीसारखे भोकांत अडकून बसत नाहीत. दुसरी चाळण मोठ्या भोकांची ठेवून अवजड तुकडे वेगळे करतात व ते पुन्हा फोडण्यास पाठवितात. मधला, साधारण एक ते पाच सेंटिमीटरचा, माल तेवढा वाऱ्यापुढे जातो. तोही एकाऐवजी दोन थरांत पाठविला तर उत्तम. वाहक पट्ट्याच्या टोकावरून पडणाऱ्या मालावर आडवा झोत सोडला की ढलप्या पुढच्या खणात जातात आणि खडे सरळ खाली पडतात. उपणणीच्या तिवईवर उभ्या शेतकऱ्याची हीच कृती असते. फरक इतकाच की त्याला वाऱ्याची वाट पाहावी लागते.

सुपात धान्य घोळण्याचेही यंत्र आहे. तांदळाच्या गिरण्यांतील खडे काढण्याच्या यंत्रात एक तिरपी, खरबरीत जाळी सतत थरथरत असते व तिच्याखालून हवा येत असते. हवेमुळे दाणे जाळीपासून किंचित् अधांतरी होऊन उताराकडे वाहतात. खडे जाळीला टेकून राहतात, आणि प्रत्येक हिसक्यासरशी चढाकडे सरकतात. धान्य खालच्या टोकास व खडे वरच्या टोकास, असा हा उफराटा व्यवहार प्रथम पाहणाऱ्यास चमत्कारासारखा वाटतो. ढलप्यांसाठी हे यंत्र वापरता येते, पण तांदळाचे दाणे जसे एकसारखे असतात तशा ढलप्या नसतात. त्यामुळे त्याचा उपयोग बारीक, सारख्या चाळलेल्या मालापुरता राहतो.

पाण्याचा मार्ग सर्वांत सोपा भासतो. लाकूड तरंगते, दगड बुडतो. तांदूळ रोवळताना खडे तळाशी राहतात तोच हा प्रकार होय. तरीही मुंबईच्या परिस्थितीत त्याची शिफारस करताना हात आखडावा लागतो. लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याच्या दीडपट जड असतात. लाकूड तरंगते ते केवळ पेशींत कोंडलेल्या हवेच्या बळावर. सागाचे घनमीटर साधारण ६५० किलोचे असते, पण खैरासारखे लाकूड पाण्याइतकेच जड भरते, आणि जुलैच्या पावसात महिनाभर भिजलेला फांदीचा तुकडा खैर नसूनही बुडतो. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावरील ढीग त्यात किती वेळा रोवळला गेला असेल याची कल्पना करावी. शिवाय ओलीची किंमत मोजावी लागते ती निराळीच. पाण्याचे प्रमाण शेकडा १५ असलेले लाकूड किलोमागे सुमारे ३६५० किलोकॅलरी देते. तेच प्रमाण ४५ झाले की हा आकडा सुमारे २१५० वर उतरतो. झटपट बुडवून काढलेल्या ढलपीला केवळ पृष्ठभागावरच पाणी चिकटते हे मान्य. परंतु दमट हवेत तेही लवकर सुटत नाही, आणि प्लायवुड व दाबफळीचे तुकडे तर फुगून लगदा होतात. उरलेले गढूळ, तपकिरी पाणी सोडायचे कोठे हाही प्रश्न आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी या उपनगरांतील चारही नद्यांना आणखी मलिन पाण्याची गरज नाही.

पाण्याच्या मार्गाला अलीकडच्या बांधकामाने आणखी एक फट पाडली आहे. नव्या इमारतींच्या भिंती हल्ली पुष्कळदा फुगविलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात. बांधकामावरील लोक त्यास सिपोरेक्स म्हणतात. या ठोकळ्याचे घनमीटर साधारण ५५० ते ६५० किलोचे, म्हणजे जवळजवळ सागाइतकेच असते. तो पाण्यात लाकडाबरोबर तरंगतो आणि वाऱ्यातही लाकडासारखाच वागतो. घनतेवर आधारलेल्या प्रत्येक उपायास हा ‘दगड’ चकवितो. त्याचा एक दुर्गुण मात्र आपल्या पथ्यावर पडतो. तो ठिसूळ असतो. फिरत्या चाळणीत माल पुरेसा वेळ घोळत ठेवला तर त्याचा भुगा होऊन तो गळून जातो. न फुटलेले तुकडे हातानेच वेचावे लागतात. थर्माकोल व प्लास्टिक यांचीही तीच गत होय.

लोखंडाचा बंदोबस्त त्या मानाने सुलभ आहे. वाहक पट्ट्यावर टांगलेला बलवान लोहचुंबक खिळे, चुका, बिजागऱ्या व कोयंडे उचलून घेतो. दोन ठिकाणी चुंबक हवा, एक यंत्राच्या तोंडाशी आणि दुसरा लाकूड फुटल्यावर. खिळा फळीत रुतलेला असताना चुंबकास तो फळीसकट उचलता येत नाही. लाकूड फोडल्यावरच तो मोकळा होतो. पितळेच्या कड्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि गंज न चढणाऱ्या पोलादाचे बहुतेक स्क्रू यांस चुंबक शिवत नाही. त्यांसाठी आवर्त विद्युत्प्रवाहाने धातू दूर फेकणारी यंत्रे आहेत, परंतु लहान कारखान्याला त्यांचा खर्च झेपण्यासारखा नाही, आणि गंजरोधक पोलादावर त्यांचाही फारसा इलाज चालत नाही. लोखंड व दगड आधी काढण्याचे आणखी एक कारण ध्यानात ठेवले पाहिजे. हातोड्यांच्या गिरणीत त्यांच्यावर आघात झाला की ठिणगी उडते, आणि गिरणीतील हवा कोरड्या भुशाच्या धुळीने भरलेली असते. अशी धूळ केवळ जळत नाही, तिचा स्फोट होतो.

सेंट्रिंगच्या फळ्यांची कथा निराळी आहे. तेथे दगड लाकडात मिसळलेला नसून लाकडाला चिकटलेला असतो. सिमेंटचा थर फळीच्या तंतूंत शिरून बसतो, त्यामुळे वारा, पाणी, चाळण यांपैकी कशालाच तो दिसत नाही. फळी फोडून तुकडे एकमेकांवर घासले गेले की थराचा मोठा भाग सुटतो, परंतु सर्व नव्हे. या फळ्यांना वरून काँक्रीट सुटावे म्हणून तेलही लावलेले असते, बहुधा वापरलेले इंजिन-तेल. आमच्या मते सेंट्रिंगचा माल प्रथमपासूनच वेगळा ठेवावा आणि चांगल्या मालात कदापि मिसळू नये. ओंजळभर माल साऱ्या ढिगाची राख वाढवितो.

येथवर आपण जे पाहिले ते सर्व दृश्य मलिनतेविषयी झाले. एवढ्यावर थांबलो तर वाचकाची दिशाभूल होईल. दगड, वाळू व लोखंड काढलेला ढीग स्वच्छ दिसतो, आणि हे स्वच्छ दिसणेच घातक ठरू शकते. जुन्या दारावरील तेलरंगात शिसे असते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० हून अधिक नसावे असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला व २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. तेव्हा आज पाडल्या जाणाऱ्या इमारतींवरील रंगांचे थर बहुतांशी त्यापूर्वीचे असणार. वाळवीपासून रक्षणासाठी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांत मुरविलेले लाकूड किंचित् हिरवट दिसते, व जुने झाल्यावर तेही दिसत नाही. प्लायवुड व दाबफळी यांत फॉर्माल्डिहाइडची राळ असते. फर्निचरच्या कडांना लावलेली पट्टी पुष्कळदा पीव्हीसीची असते. ती जळली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निर्माण होतो, आणि ज्वलन अपुरे असल्यास डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये तयार होतात. वेसाव्याच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेल्या होडीची फळी वरकरणी उत्तम साग वा ऐन असेल. परंतु वर्षानुवर्षे मुरलेले मीठ तिच्यात असते, आणि मिठातील क्लोरीन बॉयलरच्या नळ्या खातो. यांपैकी एकही द्रव्य चाळणीतून गळत नाही की वाऱ्याने उडत नाही.

जर्मनीने २००२ साली टाकाऊ लाकडाविषयी जो नियम केला त्यात लाकडाचे चार वर्ग पाडले आहेत. पहिला केवळ यांत्रिक काम झालेल्या नैसर्गिक लाकडाचा. दुसरा डिंक, रंग वा लेप लावलेल्या, पण क्लोरीनयुक्त लेप व संरक्षक द्रव्ये नसलेल्या लाकडाचा. तिसरा पीव्हीसीसारखे लेप असलेल्याचा. चौथा संरक्षक द्रव्यांत मुरविलेल्याचा. प्रत्येक वर्ग कोणत्या भट्टीत जाळावा याचे बंधन निराळे आहे. यातील मर्म असे की वर्गीकरण लाकूड अखंड असताना करावयाचे असते. दार दार म्हणून ओळखू येते तोवरच त्यावरील रंगाचा अंदाज बांधता येतो. त्याची ढलपी झाली की सारे सारखेच. म्हणून मनुष्याच्या डोळ्यांनी करावयाची निवड नेहमी यंत्राच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे. पॅलेटांच्या बाबतीत तर ही निवड वाचून करता येते. परदेशी मालाच्या पॅलेटावर आंतरराष्ट्रीय ठसा मारलेला असतो. त्यात एचटी ही अक्षरे असल्यास लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, एमबी असल्यास मिथिल ब्रोमाइडच्या धुरीने. पहिले निःशंकपणे घ्यावे, दुसरे बाजूला ठेवावे.

बेकरीच्या भट्टीचा प्रश्न यामुळे अधिक स्पष्ट होतो. कित्येक पारंपरिक भट्ट्यांत लाकूड ज्या पोकळीत जळते तीच पोकळी पुढे पाव भाजण्यास वापरली जात असे. रंगविलेली चौकट तेथे जळली तर तिचे शिसे राखेत, भिंतीवर आणि भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या श्वासात जाणार. दगड निवडणाऱ्या कोणत्याही यंत्राने यात फरक पडला नसता. स्वस्त भंगारी लाकूड हे खाद्यपदार्थाच्या भट्टीचे इंधनच नव्हे, असे आम्हांस वाटते. ते बॉयलरसाठी ठीक, तेही योग्य वर्गातील.

निवड करणाऱ्या माणसांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण यंत्राच्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नसतो. भंगाराच्या वखारींत हे काम बहुधा उघड्या हातांनी होते. गंजक्या खिळ्यांच्या जखमा तेथे रोजच्या असतात. धनुर्वाताची लस व जाड चामडी हातमोजे ही त्या वखारीची पहिली यंत्रसामग्री मानावी. दुसरा धोका धुळीचा. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका जवळजवळ नसते, पण वाळू व प्लास्टर यांत ती भरपूर असते. कोरड्या चाळणीतून उठणारी ही धूळ दीर्घकाळ श्वासाबरोबर गेल्यास फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. रंगाच्या चुऱ्यातील शिसे याच धुळीत असते. यासाठी चाळण बंदिस्त असावी, तिच्यातील हवा ओढून पिशव्यांच्या गाळणीतून सोडावी आणि माल ओतण्याच्या जागी पाण्याचा हलका तुषार असावा. तोंडाला रुमाल बांधण्याने या धुळीस अटकाव होत नाही.

झाडांच्या छाटणीतून येणाऱ्या मालाबाबत मात्र वरील यंत्रांपैकी बहुतेक अनावश्यक ठरावीत. फांदीत दगड उगवत नाही. ती रस्त्यावरून फरफटत नेली जाते, कचऱ्याच्या ढिगाशी टेकविली जाते, आणि शेवटी जेसीबीच्या बादलीने खालच्या मातीसकट खरवडून उचलली जाते, तेव्हा दगड तिच्यात येतो. फांदी जेथे पडली तेथेच तिच्या ढलप्या पाडून थेट बंद गाडीत भरल्या, किंवा निदान साठवणीच्या जागी काँक्रीटची फरसबंदी केली, तर शेकडा ८०-९० खड्यांचा जन्मच होणार नाही असा आमचा कयास आहे. बादलीने उचलण्याऐवजी पंजाने उचलले तरी माती खाली राहते. वखारीतही हाच नियम लागू पडतो. मातीच्या जमिनीवरील ढिगाचा तळचा वीतभर थर पावसाळ्यात चिखलात मिसळतो, आणि वर्षाअखेरीस तोच मालात जातो. त्यास सरळ टाकून द्यावे.

निवडीतून जे बाहेर पडते त्याचीही व्यवस्था लागते. मोठे खडे व विटांचे तुकडे भरावास किंवा बांधकामाचा राडारोडा दळणाऱ्या केंद्रास देता येतात. लोखंड भंगारवाला घेतो. बारीक चुरा मात्र कोणासच नको असतो. त्यात शिशाचा अंश असण्याचा संभव असल्याने झाडांच्या आळ्यांत खत म्हणून तो घालणे अयोग्य आहे. छाटणीचा चुरा वेगळा राखला असेल तरच त्याचे खत करावे.

शेवटी खरेदीची रीत बदलल्याखेरीज यांपैकी काहीच टिकणार नाही. वजनावर भाव ठरतो तोवर दगड व पाणी ही दोन्ही विकणाऱ्याच्या लाभाची राहतात. त्याऐवजी प्रत्येक गाडीतून, ढिगाच्या वरून, मधून व तळातून, मिळून पाचसहा किलोचा नमुना घ्यावा. तो हाताने निवडून खड्यांचे वजन करावे. उरलेल्यातून थोडा भाग १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओल मोजावी, आणि वाळलेला भाग दळून त्यातील एकदोन ग्रॅम ५५० अंशांच्या विद्युत्भट्टीत जाळून राख तोलावी. राख शेकडा तीनच्या वर गेली तर त्या मालात माती आहे असे निःशंक समजावे, मग तो कितीही स्वच्छ दिसो. मूठभर राख पाण्यात घोळून वाटीच्या तळाशी बोटाने चोळली की वाळू हातालाच कळते. कोरड्या, खडेविरहित लाकडाच्या वजनावर पैसे द्यावयाचे असा करार झाला की विकणारा आपल्या वखारीत फरसबंदी घालण्याचा हिशेब स्वतःच करू लागेल. या सर्व कसोटीसाठी लागणारी साधने, म्हणजे तराजू, तापपेटी व लहान विद्युत्भट्टी, रसायनशास्त्राच्या बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत असतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अशी महाविद्यालये आहेत, आणि एका नमुन्यास एका दिवसाहून अधिक काळ लागत नाही.